भाड्याची वही

आमचं ठिबकचं दुकान जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला. गेल्या मृगाच्या तोंडावर, ऐन गर्दीच्या दिवशी, सकाळी पावणेदहाला पुतण्याने कॉम्प्युटर चालू केला आणि पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. अर्थ एवढाच, की गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवायला भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या खात्याची मुदत संपली आहे, पैसे भरा म्हणजे उघडेल. काउंटरवर सात-आठ शेतकरी उभे होते. एकाला मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन होणारी पाहणी, कधी ते विचारायचं होतं, एकाच्या बिलात लॅटरलचे, म्हणजे पिकाच्या ओळीत पसरायच्या नळ्यांचे, मीटर चुकले होते, लासूरकडचा एक जण दोन एकराचं कोटेशन न्यायला आला होता. तिघांचीही माहिती आमच्याकडे होती. आमच्याच माणसांनी बांधावर उभं राहून मोबाइलमध्ये भरलेली. त्या सकाळी ती आम्हालाच दिसेना.

पैसे नव्हते म्हणून हे झालं नाही. कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दरवेळी ओटीपी द्यावा लागतो. आमची वर्षाची रक्कम त्याच्या चौपटीहून जास्त. ओटीपी थोरल्या भावाच्या मोबाइलवर आला तेव्हा तो सातपुड्याच्या पायथ्याला, वैजापूरकडे मोजणीला गेलेला. तिथे रेंज कुठली? आठवणीचे मेल गेले ते दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या हिशेबनिसाच्या पत्त्यावर. आठवडा उलटला आणि कुलूप लागलं. नियमाला मी दोष देणार नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून तो लागू झाला म्हणून तर आपल्याला न विचारता एवढी रक्कम खात्यातून जात नाही. दुपारी चार वाजता भाऊ आला, पैसे भरले, खातं उघडलं. पण ते सहा तास वडील गल्ल्यामागे बसून जुनी वही चाळत होते, आणि तिच्यात गेल्या दोन वर्षांचं काहीच नव्हतं.

तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो आहे. सॉफ्टवेअर भाड्याने घ्यायला माझा विरोध नाही, तो का नाही हेही सांगतो. पण भाडं कोणत्या मापाने मोजायचं, आणि भाडं थकलं तर आत ठेवलेलं सामान कोणाचं, हे दोन प्रश्न एकट्या विकणाऱ्याने ठरवायचे नसतात. आज ते तोच ठरवतो, आणि छोट्या व्यापाऱ्याच्या बाजूने कायदा उभा नाही.

सीआरएम म्हणजे ग्राहकाशी असलेला व्यवहार पहिल्या चौकशीपासून शेवटच्या वसुलीपर्यंत धरून ठेवणारं सॉफ्टवेअर. शहरात ते विक्री वाढवायला घेतात. आमच्या धंद्यात त्याची गरज वेगळी आहे. ठिबकचं एक गिऱ्हाईक म्हणजे एक फाइल, आणि फाइल महिनोन्‌महिने चालते. शेतकरी चौकशीला येतो. सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक घ्यायचं. शेतावर जाऊन मोजणी, विहिरीपासूनचं अंतर, मोटरचा एचपी. मग आराखडा, कोटेशन, अनुदानासाठी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, पूर्वसंमतीची वाट. संमती आली की फिटिंग, बिल, पोर्टलवर कागद चढवणं, कृषी खात्याची मोका तपासणी, आणि सगळं सुरळीत झालं तर शेतकऱ्याच्या खात्यात अनुदान. राज्याचा वाटा धरून अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ८० टक्के, बाकीच्यांना ७५. हे अनुदान अडकलं तर शेतकरी खात्याच्या दारात नंतर जातो, आधी आमच्या काउंटरवर येतो. एका वेळी अशा दीड-दोनशे फाइली वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. कोणती कुठे अडली हे एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. पूर्वी ते वडिलांच्या डोक्यात मावायचं, कारण फाइली तीस होत्या.

म्हणून आम्ही सीआरएम घेतलं. आणि ते उपयोगी पडलं, हे आधी कबूल करतो. पूर्वसंमतीची मुदत संपायच्या आत पडद्यावर लाल खूण येऊ लागली. पहिल्याच वर्षी किती फाइली वाया जाण्यापासून वाचल्या ते शेतकऱ्यांनीही पाहिलं.

आता किमतीचं. कंपनीच्या पानावर मोठ्या अक्षरात होतं: ८०० रुपये, प्रति युजर, प्रति महिना. आम्ही ऐकलं "आठशे". इथेच पहिली चूक होते, आणि ती मी अनेक दुकानांत पाहिली आहे. आमची माणसं सहा: काउंटरवर दोघं, मोजणीचा एक, फिटर दोघं, आणि भाऊ. सहा आठे अठ्ठेचाळीस, म्हणजे महिन्याला ४,८००. तो भाव वर्षाचे पैसे एकदम भरले तरच, महिन्याला भरायचे तर माणशी १,०००. वर्षाचे झाले ५७,६००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १०,३६८. एकूण ६७,९६८. आठशे म्हणता म्हणता अडुसष्ट हजार.

जीएसटी आम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतो, पण रोख आधी जाते. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या, दुकानदाराला तेवढंही मिळत नाही, त्याच्यासाठी भाव खराच १८ टक्क्यांनी जास्त. आणि सॉफ्टवेअर परदेशी कंपनीचं असेल तर रिव्हर्स चार्जने तो कर आपणच भरायचा असतो. कित्येक दुकानदारांना हे जीएसटी खात्याची नोटीस आल्यावर कळतं.

त्याच्यापुढे फाटे. सुरुवातीचं शिकवणं आणि जुना डेटा चढवणं, वेगळे पैसे. शेतकऱ्याला व्हॉट्सॲपवर आपोआप संदेश जावा असं वाटलं तर त्याचे वेगळे, आणि ते दोन ठिकाणी: सीआरएमवाल्याला जोडणीचे आणि व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला संदेशाचे. जुलै २०२५ पासून ती कंपनी संदेशागणिक पैसे घेते, जाहिरातीच्या संदेशाला जास्त, कामाच्या सूचनेला कमी. शेतकऱ्याने स्वतः विचारलं आणि चोवीस तासांत उत्तर दिलं तर फुकट. हे माहीत असलेला दुकानदार शेतकऱ्याला सांगतो, "तुम्ही एकदा 'नमस्कार' टाका, मग मी पाठवतो." आम्हीही तसंच करतो.

एवढं सगळं असूनही भाड्याची पद्धत मुळात वाईट नाही. आधीची पद्धत आठवा. सीडी यायची, एकदाच मोठी रक्कम, मागच्या बाजूला डोंगल खोचायचा, आणि नंतर वर्षाचा एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. कॉम्प्युटर जळाला की डेटा गेला. आणि खरं सांगायचं तर खानदेशातल्या निम्म्या बाजारपेठा चोरीच्या प्रतींवर चालायच्या, ते काही भूषण नव्हतं. सर्व्हर चोवीस तास चालतो, सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत लागतात, फोन उचलायला माणूस लागतो. खर्च रोजचा असेल तर पैसेही रोजच्या हिशेबाने मागणं रास्त आहे. शिवाय एकदा विकून मोकळा झालेला विक्रेता आणि दरवर्षी पुन्हा दारात यावं लागणारा विक्रेता, यातला दुसरा आपलं जास्त ऐकतो. फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्या आमच्या गल्लीतल्या पोरांना हा बदल सगळ्यात आधी सोसावा लागला. २०१३ मध्ये ॲडोबीने डिझाइनची सॉफ्टवेअर एकदाच विकणं थांबवून भाड्याने देणं सुरू केलं. तेव्हा ती पोरं चिडली होती. आज त्यातली काही महिन्याचं भाडं भरून कायदेशीर काम करतात.

तेव्हा भाडं मान्य. पण माप?

प्रति युजर हे माप कुठून आलं ते पाहिलं पाहिजे. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सेल्सफोर्स सुरू झाली. तोपर्यंत असली सॉफ्टवेअर सीबलसारख्या कंपन्या मोठ्या किमतीला विकायच्या आणि ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवावी लागायची. सेल्सफोर्सने सांगितलं, काही बसवू नका, इंटरनेटवर वापरा, माणशी महिना एवढे डॉलर द्या. तिथल्या धंद्याला ते बरोबर बसलं. तिथला विक्रीचा माणूस बारा महिने विक्रीच करतो, त्याचा पगार मोठा असतो, आणि त्याच्या पगारापुढे सॉफ्टवेअरचे पैसे किरकोळ. माणूस वाढला म्हणजे विक्री वाढली, म्हणून माणसावर भाव. हिशेब सरळ होता.

आमच्याकडे हाच हिशेब वाकडा होतो. आमचा फिटर दिवसभर चर खणून घेतो, नळ्या पसरतो, पाण्यातून खत सोडायची व्हेंचुरी जोडतो आणि संध्याकाळी एकदा मोबाइल उघडून "फिटिंग पूर्ण" अशी खूण करतो. दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांसाठी तो तेवढाच युजर, जेवढा दिवसभर पडद्यासमोर बसणारा काउंटरवरचा मुलगा. मग दुकानदार काय करतो? जे सगळे करतात तेच. एकच लॉगिन घेतो आणि पासवर्ड सहा जणांना देतो.

मी हे दुसऱ्या वर्षी केलं. काय झालं ते सांगतो. हातेडचा एक शेतकरी बिल हातात घेऊन आला. सोळा एमएमच्या जागी वीस एमएमची लॅटरल लावली गेली होती, फरक काही हजारांचा. तो म्हणाला, "भाऊ, तुमना माणूसनीच सांगं व्हतं ना!" मी नोंद उघडली. वीस एमएम लिहिलेलं होतं, तारीख होती, वेळ होती, आणि नाव होतं माझं. सहाही जणांच्या नोंदींवर माझंच नाव. कोणी शब्द दिला, कोणाला चुकीचं ऐकू आलं, काही कळायला मार्ग नाही. फरक मी सोसला, शेतकऱ्याचा दोष नव्हता. पण कोणी कोणाला काय सांगितलं हे कळावं म्हणून तर सीआरएम घेतलं होतं! माणशी भावाने तेच मोडून टाकलं. जे माप ग्राहकाला वस्तू अर्धवट वापरायला भाग पाडतं ते माप त्या धंद्याचं नसतं.

दुसरी अडचण हंगामाची. आमची घाई मार्च ते जून. कापसाची पूर्वहंगामी लागवड, केळीची मृगबाग, सगळं तेव्हाच. पुढे कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळी लागवडीला, थोडी जाग येते, पण तेवढ्याला दोघं पुरतात. म्हणजे सहा माणसांची गरज चार महिने, दोघांची आठ महिने. माणूस-महिने मोजले तर चाळीस. पैसे आम्ही भरतो बहात्तरचे. ८०० च्या भावाने ३२,००० चं काम आणि ५७,६०० चं बिल, कर सोडून. वर्षाच्या करारात मध्ये युजर वाढवता येतो, एका क्लिकमध्ये. कमी करायचा तर नूतनीकरणाची वाट पाहा. दार आत उघडतं, बाहेर उघडत नाही.

खानदेशातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण कामाला माप कसं लावायचं हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पाडवा ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दरम्यान सालदाराचं साल ठरतं. मालक आणि सालदार समोरासमोर बसतात, शेजारी दोन जाणती माणसं असतात. साल किती, उचल किती, धान्य किती, सगळं तोंडाने बोललं जातं आणि चारचौघांत बोललं जातं. पण त्याच शेतात निंदणी-खुरपणीला रोजंदार लागतात, त्यांना रोज मिळतो. आणि कापूस वेचणीला ना साल ना रोज, ती किलोवर जाते. एकच शेत, एकच मालक, मापं तीन, कारण कामं तीन जातीची. सालदारांच्या वाट्याला येणारे कष्ट आणि त्यांच्यावर होणारा अन्याय मला माहीत आहे, माणसाची तुलना मी सॉफ्टवेअरशी करत नाही. कराराच्या रीतीबद्दल बोलतो आहे. जिथे तीन मापं लागतात तिथे एकच माप लादलं तर कापूस वेचायला कोणी येणार नाही, हे शेतकऱ्याला कळतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही कळलं पाहिजे.

यावर उत्तर येतं, की जगभर हेच माप चालतं. पण ते माप काही दगडावर कोरलेलं नाही. ज्या सेल्सफोर्सने ते रूढ केलं त्याच कंपनीने २०२४ मध्ये ग्राहकांशी बोलणारी एआयची सेवा आणली तेव्हा भाव लावला दर संभाषणाला दोन डॉलर. माणसांऐवजी यंत्र बोलू लागलं तर युजर कमी होतील, तेव्हा विकणाऱ्याने माप बदललं. भाव वाढवायचा हक्क तर त्यांनी कधीच सोडला नाही, २०२३ मध्ये सरासरी नऊ टक्क्यांनी यादीतले दर वाढवले. ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, धंदा आहे. पण विकणारा सोयीने माप बदलू शकतो तर घेणाऱ्यानेही माप मागावं. चेन्नईच्या झोहोसारखी देशी कंपनी तीन युजरपर्यंत सीआरएम फुकट देते आणि तामिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या गावाकडच्या भागात बसून जगाला सॉफ्टवेअर विकते. गावचा धंदा कसा चालतो हे माहीत असलेले लोक या क्षेत्रात आहेत. हंगामी युजरचा भाव त्यांच्याकडूनही अजून मला दिसलेला नाही, पण मागितल्याशिवाय तो येणारही नाही.

आता सामानाचं. मला सगळ्यात जास्त लागलं आहे ते हेच.

कुलूप उघडल्यावर मी ठरवलं, आपली सगळी माहिती एकदा बाहेर काढून ठेवायची. डेटा बाहेर काढण्याचं बटण होतं. दाबलं, फाइल उतरली, एक्सेलमध्ये उघडली आणि शेतकऱ्यांची नावं जिथे असायला पाहिजे होती तिथे चित्रविचित्र चिन्हांच्या रांगा. मराठी अक्षरांचा पत्ता नाही. पुतण्याने कुठूनतरी शोधून काढलं, की फाइल सरळ उघडायची नाही, एक्सेलमध्ये आत घेताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडायची. मग नावं दिसली. नाव, गाव, मोबाइल, रक्कम. पण मोजणीच्या वेळी लिहिलेल्या टिपा नव्हत्या. सातबाराचे फोटो नव्हते. विहीर कुठे, फिल्टर कुठल्या बांधाला, याची हाताने काढलेली चित्रं नव्हती. ती एकेका फाइलमध्ये जाऊन एकेक उतरवून घ्यावी लागतात, हजारभर वेळा. कंपनीला विचारलं तर म्हणाले, संपूर्ण बॅकअप वरच्या प्लॅनमध्ये मिळतो.

म्हणजे आपली वही आपल्याला पूर्ण परत पाहिजे असेल तर जास्त भाडं भरा. वडील हे ऐकून गप्प बसले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "वही विकणाऱ्याने आजवर कधी वहीतली पानं मागितली नाहीत." दिवाळीत लाल कापडाच्या बांधणीची वही आणायची, कुंकू लावून पूजा करायची, आणि ती घरातून बाहेर जायची नाही, ही रीत ज्या बाजारपेठेने जपली तिच्याच हातून वही कशी निसटली, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

जबाबदारीचं पाहिलं तर हे जास्तच खटकतं. शेतकऱ्याचं आधार, पासबुक, सातबारा आमच्या खात्यात आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा त्यांच्या जपणुकीची जबाबदारी आमच्यावर, म्हणजे दुकानदारावर टाकतो, आणि तेच बरोबर आहे, शेतकऱ्याने कागद विश्वासाने आमच्या हातात दिले. पण किल्ली दुसऱ्याच्या खिशात असेल तर ही जबाबदारी मी पार कशी पाडू?

कायदा काय म्हणतो? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या रचनांविरुद्ध, म्हणजे डार्क पॅटर्नविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत. सदस्यता घेताना सोपी आणि सोडताना अवघड करणं हा एक. आधी थोडा भाव दाखवून शेवटच्या पडद्यावर बाकीचा उघड करणं हा एक. आणि सॅस बिलिंग, म्हणजे भाड्याच्या सॉफ्टवेअरचे पैसे ग्राहकाच्या नकळत वारंवार काढत राहणं, हा तर स्वतंत्र प्रकार. वाचून मला वाटलं, हे तर आपल्यासाठीच आहे. पण वकिलाला विचारलं की तो पहिला अडथळा दाखवतो तो ग्राहक शब्दाच्या व्याख्येचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(७) मध्ये व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणारा ग्राहक नाही. स्वतःच्या पोटापुरता स्वयंरोजगार करणाऱ्या एकट्या माणसाला सूट आहे. सहा माणसांचं, जीएसटी भरणारं दुकान मात्र "व्यापारी" म्हणून बाहेर राहतं. टीव्हीवर सिनेमे पाहायला घेतलेल्या वर्गणीला जे संरक्षण आहे ते ज्या वर्गणीवर सहा घरं चालतात तिला नाही.

यामागचा विचार मला समजतो. दोन कंपन्यांमधला करार बरोबरीच्या माणसांचा असतो, त्यांना सरकारने हात धरून चालवू नये. पण चोपड्याचं दुकान आणि सॉफ्टवेअर कंपनी यांच्यात कुठली बरोबरी? करारातला एक शब्द बदलायला मी कोणाला सांगू? अटी इंग्रजीत, पडदा सरकवत राहावं इतक्या लांब, आणि खाली एकच चौकोन, मान्य आहे. अमेरिकेत जून २०२४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲडोबीवर खटला भरला तो याच मुद्द्यावर: हप्ता महिन्याचा दिसतो, करार वर्षाचा असतो, आणि मध्येच सोडलं तर दंड बसतो ही गोष्ट ग्राहकापासून दडवली, असा आरोप. तिथली शिकलीसवरलेली माणसं या फासात अडकत असतील तर आपल्या बाजारपेठेने काय करावं?

यावर उपाय आहे. सूक्ष्म उद्योग म्हणजे काय हे सरकारने आधीच आखून ठेवलं आहे. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल. व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली आहे. ज्याच्याकडे सूक्ष्म उद्योगाची नोंदणी आहे त्याला या तत्त्वांपुरतं ग्राहक माना, एवढीच माझी मागणी. नवा विभाग नको, नवा अधिकारी नको. आणि डेटा परत देण्याबद्दल नियम करा. युरोपात तो झाला आहे: १२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांचा डेटा कायदा लागू झाला, ऑनलाइन सेवा बदलायची तर दोन महिन्यांहून जास्त नोटीस मागता येत नाही, आणि १२ जानेवारी २०२७ पासून बदलण्याचे पैसेही घेता येणार नाहीत. त्यामुळे युरोपात सॉफ्टवेअर विकणं कोणी बंद केलं नाही. ज्या भारतीय कंपन्या तिकडे विकतात त्यांना हे पाळावंच लागेल. तिकडच्या ग्राहकाला जे देणार ते इकडच्याला का नको?

काही मित्र म्हणतात, एवढा त्रास तर एक्सेल वापरा, फुकटात होतं. तीस फाइलींना होतं. दीडशेला एक्सेलची फाइल चार जणांच्या मोबाइलवर चार तऱ्हेची होते आणि खरी कोणती यावर भांडण. दुसरे म्हणतात, संघटना करा, एकत्र भाव करा. हे मात्र मला पटतं आणि ते आपल्या हातात आहे. चटईवाले, डाळमिलवाले, केळीचे व्यापारी, ठिबकचे विक्रेते, प्रत्येकाची संघटना जळगाव जिल्ह्यात आहे. वीजदराबद्दल आपण एकत्र निवेदन देतो, सॉफ्टवेअरबद्दल एकेकटे जाऊन "काही कमी करा ना" म्हणतो. पन्नास दुकानांनी मिळून मागितलं तर हंगामी युजर देणारी कंपनी सापडेल, याबद्दल मला शंका नाही.

आणि हे शहरी लोकांचं खूळ आहे, आपल्याला काय करायचं, असं तर खानदेशाने मुळीच म्हणू नये. तापीपलीकडे, शेजारच्याच तालुक्यात अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपासाठी निघालेली कंपनीच पुढे विप्रो झाली. ज्या घरांनी तिचे शेअर जपून ठेवले त्यांना मालकी काय असते ते कळलं. आपल्याच धंद्याच्या माहितीची मालकी तिच्याइतक्याच मोलाची आहे.

आमच्याकडे आता दर शनिवारी संध्याकाळी दुकान वाढवण्याआधी पुतण्या यादी बाहेर काढतो, यूटीएफ-८ निवडून. चालू फाइलींची दोन पानं छापतो, कोणती कोणत्या टप्प्यावर ते, आणि वडिलांच्या वहीत डकवतो. आठवणीच्या मेलचा पत्ता बदलला आहे, ओटीपीचा मोबाइल काउंटरवरचा केला आहे. युजर पुन्हा सहा घेतले, ज्याची नोंद त्याच्या नावावर, पैसे गेले तरी.

कंपनीला मी या आठवड्यात मराठीत पत्र पाठवलं. तीन गोष्टी लिहिल्या. पुढच्या तीन वर्षांचा दर करासकट एका ओळीत लेखी द्या. जुलै ते फेब्रुवारी चार युजर कमी करू द्या. आणि पैसे थकले तर नवीन नोंद थांबवा, पण नव्वद दिवस आमची माहिती आम्हाला वाचता आणि टिपा-फोटोंसकट उतरवून घेता आली पाहिजे. पहिल्या दोन्हींवर विक्री विभागाचा फोन आला, बोलणी चालू आहेत. तिसऱ्यावर त्यांनी सांगितलं, असं कोणी आजपर्यंत मागितलं नव्हतं. पत्राच्या प्रती मी तालुक्यातल्या अकरा ठिबक विक्रेत्यांना दिल्या आहेत, त्यातल्या सात जणांनी स्वतःच्या लेटरहेडवर तेच पत्र पाठवलं.